जाळीचा नेब्युलायझर: औषध पाच मिनिटांत, निगा मात्र रोजची

सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) या आनुवंशिक आजारात नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे तुषार करून श्वासातून देणारं मशीन, ही खोकला झाला की कपाटातून काढायची वस्तू नसते. तो रोज दोनदा चालतो, काहींच्या घरी चार-पाच वेळा चालतो, वर्षानुवर्षं चालतो आणि दर वेळी धुवावा लागतो. म्हणून त्याचं परीक्षण करताना डबा उघडल्यावर काय काय निघालं यापेक्षा तीनशेव्या दिवशी ते मशीन कसं वागतं, हे बघायला हवं.

इथे दोन प्रकार समोरासमोर ठेवले आहेत. एक, कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा जेट नेब्युलायझर. नमुना म्हणून पारी कंपनीचा एलसी प्लस कप. दुसरा, थरथरणाऱ्या बारीक जाळीचा, म्हणजे मेश नेब्युलायझर. नमुना म्हणून त्याच कंपनीचा ई-फ्लो रॅपिड. निकाल आधीच सांगून टाकतो. रोजच्या सलाईनसाठी जाळीचं मशीन घ्यावं, पण जेट टाकून देऊ नये. आणि ज्या घरात धुणं, उकळणं, वाळवणं नेमाने होणार नाही, तिथे जाळीचं मशीन घेऊच नये.

आधी मशीनकडून काम काय हवंय ते पाहू. या आजारात सीएफटीआर नावाच्या प्रथिनात दोष असतो. त्याचा जनुक १९८९ साली सापडला, सातव्या गुणसूत्रावर. पेशीच्या आवरणातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट नीट बाहेर पडत नाहीत, श्वासनलिकांवरचा ओलावा कमी होतो आणि कफ डिंकासारखा चिकटून बसतो. त्या कफात स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास यांसारखे जंतू मुक्काम ठोकतात. त्यावर श्वासातून द्यायची औषधं मुख्यतः तीन जातींची: कफात पाणी ओढून आणणारं हायपरटॉनिक सलाईन (जास्त तीव्र मिठाचं पाणी), कफाचा चिकटपणा तोडणारं डॉर्नेज अल्फा, आणि जंतूंवरची प्रतिजैविकं. तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे आणि मशीनची खरी परीक्षा तिथेच होते.

घरात आपण सर्रास ‘वाफ घेतो’ म्हणतो, पण ही वाफ नव्हे. हे औषधाचे तुषार असतात आणि त्यांचा आकार फार महत्त्वाचा. थेंब १ ते ५ मायक्रॉनचा असेल तर तो खालच्या श्वासनलिकांपर्यंत जातो. त्याहून मोठा थेंब घशावर आणि जिभेवर आदळतो, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फारच बारीक असेल तर आत जाऊन उच्छ्वासाबरोबर तसाच बाहेर येतो. दाट पांढरा ढग निघतोय म्हणून मशीन जोरदार आहे असं समजणं ही सगळ्यात जुनी फसगत. डोळ्यांना भरगच्च दिसणाऱ्या ढगात मोठे थेंबच जास्त असू शकतात.

जेट नेब्युलायझरची रचना साधी आहे. कॉम्प्रेसरची हवा बारीक छिद्रातून जोरात सुटते, तिथे दाब कमी होऊन खालचं औषध वर खेचलं जातं, फुटतं आणि समोरच्या अडथळ्यावर आपटतं. मोठे थेंब पुन्हा कपात पडतात, बारीक तेवढे वर येतात. एलसी प्लसमध्ये यात दोन झडपांची भर आहे. श्वास आत घेताना झाकणावरची झडप उघडते, जास्तीची हवा कपातून वाहते आणि तुषार वाढतात. श्वास सोडताना ती मिटते आणि हवा माउथपीसजवळच्या पातळ पापुद्र्यातून बाहेर जाते. सोडलेल्या श्वासाबरोबर फुकट जाणारं औषध त्यामुळे कमी होतं. बिनझडपेच्या साध्या कपात श्वास सोडतानाही तुषार त्याच जोराने उडत राहतात. सर्दीसाठी तो कप ठीक आहे. टोब्रामायसिन हे प्रतिजैविक त्यात घालणं म्हणजे अर्धं औषध खोलीला पाजणं.

जेटच्या उणिवा सगळ्यांना ठाऊक आहेत. आवाज मोठा. ४ मिली सलाईनला १० ते १५ मिनिटं लागतात. ५ मिली टोब्रामायसिनला साधारण १५. कप हातात गार लागतो, कारण हवेबरोबर पाणी उडून जातं. शेवटी कपात उरलेलं द्रावण सुरुवातीपेक्षा तीव्र झालेलं असतं. कप फुरफुरायला लागला की औषध संपत आलं असं समजायचं. बाजूंना चिकटलेले थेंब खाली पाडायला एकदोनदा हलकी टिचकी मारायला हरकत नाही, पण शेवटचा थेंब निघावा म्हणून पुढची दहा मिनिटं बसण्यात अर्थ नाही. थोडं औषध प्रत्येक कपात उरतंच; मात्रा ठरवताना ते धरलेलं असतं.

जेट बिघडतो तो बहुतेक तीन ठिकाणी. कॉम्प्रेसरचा हवेचा फिल्टर करडा पडला की प्रवाह घटतो, थेंब मोठे होतात आणि वेळ वाढतो. कपातल्या छिद्रात क्षार साचले तरी हेच होतं. आणि झडपेचा पापुद्रा उकळून उकळून वाकडा झाला की ती नीट मिटत नाही. हा पापुद्रा नखाएवढा असतो, धुताना मोरीत वाहून जातो आणि दोन दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याशिवाय मशीन चालतं, तुषारही निघतात. फक्त औषधाची नासाडी वाढते. त्यामुळे कप जोडताना दोन्ही झडपा जागेवर आहेत ना, हे रोज बघावं. कॉम्प्रेसरही वाटेल तो चालत नाही: एकाच कपाला कमकुवत कॉम्प्रेसर जोडला की थेंबांचा आकार बदलतो. टोब्रामायसिनच्या द्रावणाबरोबर कप आणि कॉम्प्रेसरची जोडी नावानिशी सांगितलेली असते, ती याच कारणाने.

आता जाळीचं मशीन. ई-फ्लोमध्ये धातूच्या पातळ पडद्याला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. भोवतीचं पायझो कडं (वीज मिळाली की कंप पावणारं) तो पडदा सेकंदाला लाखाच्या घरात थरथरवतं आणि औषध छिद्रांतून ठरलेल्या आकाराच्या थेंबांच्या रूपात बाहेर ढकललं जातं. कॉम्प्रेसर नाही, नळी नाही, आवाज जवळजवळ नाहीच. चार पेन्सिल सेलवर चालतं, भिंतीच्या प्लगवरही चालतं. ४ मिली सलाईन नव्या जाळीवर साधारण ४ ते ६ मिनिटांत संपतं. दिवसातून दोनदा सलाईन आणि एकदा डॉर्नेज असेल तर जेटच्या तुलनेत रोजची वीस-पंचवीस मिनिटं वाचू शकतात. शाळेत किंवा नोकरीवर जाणाऱ्यासाठी सकाळचं सलाईन ‘आज राहू दे’ होण्यापासून वाचवणारी ही मिनिटं आहेत. आवाज नसल्यामुळे तान्हं मूल झोपेत असतानाही मास्क लावता येतो. पूर्ण गुण द्यायचे तर इथे.

पण याच वेगात एक खाच आहे आणि विकणारा ती क्वचितच सांगतो. लवकर संपणं आणि जास्त पोचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ई-फ्लो रॅपिडच्या कपात साधारण १ मिली औषध मुद्दामच शिल्लक राहील अशी रचना आहे, म्हणजे फुफ्फुसांत पोचणारी मात्रा जुन्या जेटच्या आसपास राहते आणि डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा तशीच चालते. उरलेलं पाहून ‘मशीन औषध सोडतं’ म्हणून कप तिरका करून पुन्हा चालवणं चूक आहे. याउलट आल्टेरा हा त्याच घराण्यातला हँडसेट (औषध भरून तोंडाशी धरायचा भाग) ॲझ्ट्रिओनाम या प्रतिजैविकासाठीच बनवलेला आहे आणि त्यात फारच कमी औषध उरतं. दोघांचे भाग दिसायला सारखे, एकमेकांच्या कंट्रोलरला, म्हणजे हँडसेट चालवणाऱ्या डब्याला, बसणारेही. म्हणून टोब्रामायसिन किंवा कोलिस्टिन आल्टेरात घालायचा मोह होतो. तसं करू नये: ठरल्यापेक्षा जास्त औषध आत जाऊ शकतं. उलट ॲझ्ट्रिओनाम दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये घालायचं नाही. ७५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन मात्रांत किमान ४ तासांचं अंतर, २८ दिवस. आणि दर २८ दिवसांच्या फेरीला नवा हँडसेट. एका मात्रेला जेमतेम २-३ मिनिटं लागतात. टोब्रामायसिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस चालू आणि २८ दिवस बंद. दोन मात्रांत शक्यतो १२ तास, काही झालं तरी ६ तासांपेक्षा कमी नाही. ही प्रतिजैविकं कोणत्या मशीनमधून घ्यायची हे मशीन घेण्याआधी सीएफच्या डॉक्टरांशी ठरवा. आधी मशीन घेऊन मग ‘यात चालेल का’ विचारलं की उत्तर बहुतेक ‘नाही’ येतं.

जाळी चोंदणं ही या मशीनची खरी डोकेदुखी. ७ टक्के सलाईन म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या दुप्पट खारट द्रावण. औषध संपल्यावर जाळी तशीच पडून राहिली की छिद्रांत मिठाचे स्फटिक बसतात. कोलिस्टिनला फेस येतो आणि त्याचा चिकट थर राहतो. नळाचं पाणी जड असेल तर उकळताना कॅल्शियमचा पांढरा पापुद्रा चढतो. हे एका दिवसात होत नाही, म्हणून कळतही नाही: आज ५ मिनिटं, पुढच्या महिन्यात ७, मग ९, आणि एके दिवशी माणूस म्हणतो, ‘जेटच बरा होता.’ त्याहून वाईट म्हणजे ठरावीक वेळेनंतर मशीन आपोआप बंद होतं. जाळी पुरती चोंदलेली असेल तर औषध शिल्लक असतानाच ते बंद पडतं, आणि ‘बीप वाजली म्हणजे झालं’ असं समजणाऱ्याच्या फुफ्फुसांत निम्मीच मात्रा जाते. बीप वाजल्यावर कपात डोकावून बघायचं, हा नियम लहान मुलांनाही शिकवता येतो.

यावर उपाय म्हणजे घड्याळ. नवी जाळी बसवली त्या दिवशी ४ मिली सलाईनला किती वेळ लागला ते मशीनच्या डब्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. दर आठवड्याला एकदा मोजा. वेळ दीडपट झाली की जाळीची उलटी धुलाई करायची. त्यासाठी ईझीकेअर नावाचा छोटा भाग मिळतो. त्यात जाळी उलटी बसवून ०.९ टक्के सलाईन विरुद्ध दिशेने सोडतात, म्हणजे छिद्रांत अडकलेलं आल्या वाटेने बाहेर पडतं. तरीही वेळ उतरली नाही तर जाळीचं आयुष्य संपलं. सुई, टूथब्रश, कापूस, बोट यांपैकी काहीही जाळीला लावायचं नाही. छिद्र मोठं झालं की थेंब मोठा होतो आणि मग औषध वेगात संपतं! वेळ अचानक खूपच कमी झाली तर खूश होऊ नका. जाळी फाटलेली किंवा कप नीट न बसलेला असू शकतो.

आता धुणं. परीक्षणात हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सीएफमध्ये नेब्युलायझरचे निम्मे मार्क इथलेच. ओलसर प्लॅस्टिक, कोमट खोली आणि थोडं उरलेलं औषध: स्यूडोमोनासला याहून चांगलं घर मिळत नाही. ज्या मशीनने जंतू मारायचे, तेच त्यांना फुफ्फुसांत फवारायला लागलं तर दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अमेरिकेच्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या संसर्ग-नियंत्रणाच्या सूचनांत प्रत्येक वापरानंतर स्वच्छ करणं, निर्जंतुक करणं आणि हवेत वाळवणं अशा पायऱ्या आहेत. यातली एकही दुसरीची जागा घेत नाही. घाणेरड्या भागावर उकळतं पाणी ओतून काही साधत नाही; आधी थर निघायला हवा.

औषध संपल्यावर लगेच, पाच मिनिटांच्या आत, सगळे भाग सुटे करायचे. भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब घातलेल्या कोमट पाण्यात हलवून धुवायचे. प्लॅस्टिकचे भाग बोटांनी चोळले तरी चालतील, जाळी फक्त पाण्यात हलवायची. सिंकमध्ये थेट ठेवायचे नाहीत, वेगळं भांडं ठेवायचं, कारण सिंकच्या जाळीवर जंतूंचा कायमचा तळ असतो. मग निर्जंतुकीकरण. ते उष्णतेने करणं सगळ्यात खात्रीचं. उकळत्या पाण्यात किमान ५ मिनिटं, पाणी खळखळायला लागल्यापासून मोजून. भाग तळाला टेकू नयेत इतकं पाणी हवं. प्लॅस्टिकचा कप तळाला लागून वाकला की झाकण बसत नाही, आणि भांडं गॅसवर विसरलं तर सगळंच वितळतं. जाळी उकळायची तर डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे क्षार बसणार नाहीत.

याहून सोयीचं म्हणजे बाळाच्या दुधाच्या बाटल्यांसाठी असतं ते विजेवरचं स्टीम स्टरिलायझर. पाणी मोजून घाला, बटण दाबा, आपोआप बंद होतं. नेब्युलायझरइतकंच त्यावरही खर्च करावा, इतकं ते उपयोगी आहे. त्याच्या तळाच्या तव्यावरचा क्षाराचा थर मात्र वरचेवर काढत राहावं लागतं, नाहीतर पाणी अवेळी आटून फेरी अर्धवट राहते. जेटचे प्लॅस्टिकचे भाग पाण्यात पूर्ण बुडवून मायक्रोवेव्हमध्ये ५ मिनिटं ठेवले तरी चालतं, पण धातूची जाळी मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. डिशवॉशर चालेल, पण पाणी ७० अंशांवर ३० मिनिटं टिकत असेल तरच; बऱ्याच यंत्रांची साधी फेरी तिथवर पोचत नाही.

उष्णता शक्य नसेल, प्रवासात वगैरे, तर जेटचे भाग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ३० मिनिटं बुडवून ठेवतात. त्यानंतर खळबळायला लागतं, आणि तिथे नळाचं पाणी वापरलं की केलेलं सगळं वाया. बाटलीतलं डिस्टिल्ड पाणीही निर्जंतुक असतंच असं नाही. ५ मिनिटं उकळून झाकून गार केलेलं पाणी वापरा. व्हिनेगरचा सल्ला अजून फिरत असतो. तो सोडून द्या. या आजारात नको असलेले सगळे जंतू त्याने मरत नाहीत.

वाळवताना पुसायचं नाही. स्वच्छ कागदी टॉवेलवर सगळे भाग सुटे पसरून हवेत वाळू द्यायचे आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच डब्यात घालायचे. ओले भाग जोडून हवाबंद डब्यात ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. जेटची नळी आतून धुवायची नसते. आत दव जमलं असेल तर कप काढून कॉम्प्रेसर दोन मिनिटं नुसताच चालवावा. ‘सारखं वाळवत बसायला वेळ कुठे’ यावर एकच खरा तोडगा आहे, हँडसेटचे दोन किंवा तीन संच. सकाळचा वाळतोय तोवर संध्याकाळचा तयार. जाळीचं मशीन घेताना एकच संच घेणं म्हणजे वाचलेली मिनिटं पुन्हा सिंकपाशी घालवणं. आणि घरात सीएफ असलेली दोन भावंडं असतील तर संच वेगळे, रंगीत चिकटपट्टीने ओळखता येतील असे. एकाच्या फुफ्फुसातला जंतू दुसऱ्याला द्यायचा याहून सोपा मार्ग नाही.

औषधांचा क्रम चुकला तर चांगलं मशीनही हात टेकतं. आधी श्वासनलिका उघडणारं साल्ब्युटामॉल, सलाईनच्या १०-१५ मिनिटं आधी. हे नेब्युलायझरमधून घ्यायची गरज बहुतेकांना नसते, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंपाने घेतलं तर दोन मिनिटांत होतं आणि धुण्याचा एक हप्ता वाचतो. मग ७ टक्के सलाईन ४ मिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत हेच दिवसातून दोनदा दिलं होतं आणि आजार उफाळण्याचं प्रमाण त्याने घटलं. ते खोकला आणतं आणि काहींची छाती आवळते, म्हणून पहिली मात्रा दवाखान्यात, आधी आणि नंतर स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) करूनच घ्यायची. जाळीचं मशीन हेच सलाईन निम्म्या वेळात आत ढकलतं, त्यामुळे जेटवर सहन होणारं सलाईन जाळीवर घसा खवखवायला लावू शकतं. तेव्हा मध्ये थांबत घ्यावं. तरीही जमलं नाही तर डॉक्टर ३ किंवा ६ टक्क्यांवर आणतात. सलाईन घेताना किंवा लगेच नंतर छातीची फिजिओथेरपी: पेप उपकरण (अडथळ्याविरुद्ध श्वास सोडायचं), हफ (तोंड उघडं ठेवून जोरात सोडलेला श्वास), खोकून कफ बाहेर. प्रतिजैविक सगळ्यात शेवटी, साफ झालेल्या नळ्यांत. कफाच्या थरावर महागडं औषध फवारण्यात काय हशील?

डॉर्नेज अल्फाचं वेगळं आहे. २.५ मिलीच्या कुपीत २.५ मिलिग्रॅम, बहुतेकांना दिवसातून एकदा. मेलेल्या पांढऱ्या पेशींतून सांडलेल्या डीएनएच्या लांब धाग्यांमुळे कफ चिवट होतो; हे विकर ते धागे कापतं. त्याला वेळ लागतो, म्हणून फिजिओथेरपीच्या अर्धा-एक तास आधी घेणं किंवा सगळं उरकून झोपताना घेणं, असे दोन्ही पायंडे आहेत. ते फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, प्रकाशापासून दूर ठेवायचं. कुपी गढूळ दिसली तर टाकून द्यायची. त्यात दुसरं काहीही मिसळायचं नाही, एकाच कपात सलाईनबरोबरही नाही. आणि अल्ट्रासॉनिक नेब्युलायझरमध्ये तर मुळीच नाही, कारण तो द्रावण तापवतो आणि प्रथिनाचं औषध बिघडतं. दुकानात ‘आवाज न करणारं मशीन’ मागितलं की कधी कधी हाच प्रकार पुढे येतो. जाळीचा आणि अल्ट्रासॉनिक हे एक नव्हेत, एवढं विचारून घ्या. कोलिस्टिन पावडरीचं असेल तर द्रावण वापरण्याच्या क्षणीच करायचं, कुपी हलवायची नाही तर हलकेच फिरवायची, आणि ‘संध्याकाळचंही आत्ताच करून ठेवू’ हा विचार सोडायचा. ते ठेवल्यावर औषधाचं रूप बदलतं आणि फुफ्फुसांना इजा होऊ शकते.

मास्क की माउथपीस? जमेल त्या दिवसापासून माउथपीस. मास्कमधून घेताना नाक बरंचसं औषध गाळून ठेवतं. तान्ह्यांना मास्क लागतोच, पण तो चेहऱ्याला नीट टेकलेला हवा. तोंडासमोर धरून नुसता फवारा सोडला तर आत जवळजवळ काही जात नाही. रडणाऱ्या मुलाला देणंही असंच फुकट, कारण लांब उच्छ्वास आणि छोटा हिसक्याचा श्वास यांत औषध घशातच राहतं. मूल शांत झाल्यावर दिलेली चार मिनिटं रडतानाच्या दहांपेक्षा कामाची. इथे बिनआवाजाचं मशीन पुन्हा जिंकतं.

प्रतिजैविक घेताना खोलीत इतर कोणी, विशेषतः दुसरं लहान मूल, असेल तर उच्छ्वासाच्या बाजूला फिल्टर लावावा किंवा खिडकी उघडून एकट्याने घ्यावं. ई-फ्लोच्या काही रचनांत हँडसेट सपाट धरावा लागतो. आडवं होऊन, कलंडून घेतलं की जाळीवर औषध पोचत नाही आणि मशीन ‘संपलं’ म्हणून बंद होतं. ताठ बसणं फुफ्फुसांसाठीही बरं.

हे सगळं वाचून कोणी विचारेल, पावडरचे इनहेलर का नकोत? टोब्रामायसिनच्या चार कॅप्सूल, प्रत्येकी २८ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. धुणं नाही, वीज नाही, इनहेलर दर आठवड्याला नवा. ज्याला जोरात श्वास ओढता येतो आणि खोकल्याची ढास सहन होते त्याच्यासाठी उत्तम. पण सलाईन आणि डॉर्नेज पावडरीत नाहीत, म्हणजे नेब्युलायझर घरात राहतोच.

एक प्रश्न मशीनच्या आधी विचारायचा. एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर हे सीएफटीआरचं काम सुधारणारं तीन औषधांचं मिश्रण २०१९ पासून आलं आहे आणि ते घेणाऱ्यांपैकी ज्यांची फुफ्फुसं चांगली आहेत, त्यांच्यात सलाईन किंवा डॉर्नेज सहा आठवडे थांबवून पाहिलेली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्या सहा आठवड्यांत फुफ्फुसांच्या मोजमापात दखल घेण्याजोगी घसरण दिसली नाही. सहा आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे, आणि ती माणसं बारा वर्षांवरची, बऱ्या तब्येतीची होती. पण तुमच्या औषधांची यादी लवकरच आटणार असेल, तर महागडं मशीन घेण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. आपल्या मनाने मात्र काहीही बंद करू नका.

घ्यायचंच ठरलं तर दुकानात पुढच्या गोष्टी तपासा. जाळी सुटी मिळते का, आणि किती दिवसांत. नवी जाळी यायला महिना लागत असेल तर एक आधीच घरात हवी. हँडसेटचे किमान दोन संच. ईझीकेअर किंवा तसा धुलाईचा भाग सोबत आहे का. कंट्रोलरच्या तारेची टोकं सलाईनच्या शिंतोड्यांनी गंजतात, त्यामुळे ती तार सुटी मिळते का, हेही. ती टोकं दर वेळी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची, नाहीतर जाळी नवी असूनही मशीन अडखळतं आणि दोष उगाच जाळीवर जातो. जुना जेट महिन्यातून एकदा चालवून बघा, त्याचा फिल्टर बदला आणि कप निर्जंतुक करून कोरडा ठेवा. जाळी फाटते ती नेमकी रविवारी रात्री.